खुर्चीची चाके आणि घरची फरशी

घर घेताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना फरशीची निवड हा कुटुंबातील सर्वांच्या चर्चेचा विषय असतो. रंग, चकाकी, आकार, दर या साऱ्यांचा काथ्याकूट होतो. एकदा फरशी बसली की मात्र ती आयुष्यभराची, असे गृहीत धरून तिच्याकडे पाहणे थांबते. भिंतीला पाच-सात वर्षांनी रंग देता येतो, पडदे आणि फर्निचर बदलता येते. फरशी बदलायची तर घर रिकामे करावे लागते, तोडफोड, धूळ, राडारोडा आणि शेजाऱ्यांची नाराजी सोसावी लागते. म्हणूनच तिची झीज हा किरकोळ विषय राहत नाही.

या झिजेला अलीकडच्या काळात एक नवे कारण मिळाले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि मुंबई-पुण्यातील हजारो घरांत दिवाणखान्याच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या एका कोपऱ्यात कार्यालय उभे राहिले. काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना कार्यालयातील खुर्च्याच घरी नेऊ दिल्या, तर अनेकांनी पाठदुखीला कंटाळून नव्या चाकांच्या खुर्च्या विकत घेतल्या. टाळेबंदी उठली, पण आठवड्यातून काही दिवस घरून काम करण्याची पद्धत अनेक ठिकाणी टिकली आणि खुर्चीही टिकली. आता त्या कोपऱ्यातील टेबल हलवले की, फरशीवर एक निस्तेज, पांढुरके अर्धवर्तुळ उमटलेले दिसते. पुसून ते जात नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर ते बहुधा घर सोडण्याच्या दिवशीच, घरमालकाच्या साक्षीने दिसते.

दोष चाकाचा की धुळीचा?

अशा वेळी सारा दोष चाकांवर येतो. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. खुर्चीची चाके बहुधा नायलॉनची असतात आणि नायलॉन कितीही टणक वाटले, तरी ते दगडापेक्षा किंवा टाइलपेक्षा पुष्कळ मऊ असते. स्वच्छ नायलॉनचे चाक स्वच्छ ग्रॅनाइटवर चरा पाडू शकत नाही. चरा पाडतो तो चाक आणि फरशी यांच्यामध्ये सापडलेला धुळीचा कण.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची एक ते दहा अशी श्रेणी मांडली. अधिक काठिण्याचा पदार्थ कमी काठिण्याच्या पदार्थावर ओरखडा उमटवतो, एवढेच तिचे साधे तत्त्व. या श्रेणीत हिरा दहाव्या स्थानी, तर क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी सातव्या स्थानी आहे. संगमरवर ज्याचा बनलेला असतो, ते कॅल्साइट तिसऱ्या स्थानी येते. नदीच्या वाळूत क्वार्ट्झचे प्रमाण मोठे असते. सह्याद्रीच्या काळ्या कातळापासून, अर्थात बेसॉल्टपासून तयार होणाऱ्या क्रश सँडमधील मुख्य खनिजेही साधारण साडेपाच ते साडेसहा काठिण्याची असतात. शेजारच्या भूखंडावर इमारतीचे काम सुरू असेल, तर तीच भुकटी खिडकीतून घरात येते. मकराना संगमरवराच्या फरशीवर हा कण पडला, त्यावर चाक चढले आणि चाकावर माणसाचा भार आला, की पुढे काय होते हे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

या भाराचा अंदाज एका साध्या हिशेबातून येतो. माणसाचे वजन ७० किलो आणि खुर्चीचे १५ किलो धरले, तर पाच चाकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला १७ किलो येतात. टणक नायलॉनचे चाक सपाट टाइलला फारच थोड्या जागेत टेकते. ती जागा २० चौरस मिलिमीटर मानली, तरी दाब होतो चौरस सेंटिमीटरला ८५ किलो. तोच माणूस अनवाणी उभा राहिला तर त्याचे तळवे साधारण पावणेतीनशे चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात आणि दाब जेमतेम पाव किलो भरतो. हा हिशेब ढोबळ आहे, तरी तीनशे पटींहून अधिक असलेला फरक पुरेसा बोलका आहे. त्यात माणूस मागे रेलला की निम्म्याहून अधिक भार मागच्या दोन चाकांवर जातो. मध्ये वाळूचा कण आला तर तो संपूर्ण भार सुईच्या टोकाएवढ्या जागेवर एकवटतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. खुर्ची दिवसभरात फारशी पुढे-मागे धावत नाही. बसल्या जागी माणूस चुळबुळ करतो, टेबलाकडून कपाटाकडे वळतो, पाय आवळतो, सैल करतो. अशा प्रत्येक वेळी चाक गोल फिरण्याऐवजी जागच्या जागी गिरकी घेते आणि गिरकी घेताना घासते. जात्याची वरची तळी फिरते तसाच हा प्रकार. त्यामुळे लांब ओरखडे कमी आणि एकाच जागेची बारीक रगड अधिक होते. चकाकी हळूहळू जाते आणि ती गेल्याचे कळेपर्यंत दोन-तीन वर्षे लोटतात. खोलीतील दिवे मालवून मोबाइलची बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरली, तर ही झीज बऱ्याच आधी दिसू शकते.

घरात कोणती फरशी आहे?

उपाय ठरवण्यापूर्वी पायाखाली नेमके काय आहे, हे माहीत असणे आवश्यक आहे. सगळ्या गुळगुळीत फरश्यांना ‘मार्बल’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत असल्याने येथेच अनेकांची गफलत होते.

संगमरवर, राजस्थानचा कोटा, कर्नाटकातील शहाबादची फरशी आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा कडप्पा ही सारी चुनखडीची भावंडे. कॅल्साइट हाच त्यांचा मुख्य घटक असल्याने ती तुलनेने मऊ असतात आणि धुळीने लवकर चरतात. परंतु त्यांचा एक मोठा गुण असा, की ती अंतर्बाह्य एकसारखी असतात. वरचा थर घासून काढला की खाली तोच दगड मिळतो. त्यामुळे पॉलिश करून त्यांना पुन्हा तेज आणता येते. जुन्या मुंबईतील इमारतींमधल्या मोझॅक लाद्यांनाही हे लागू पडते. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून केलेल्या या लाद्या बसवल्यानंतर जागेवरच घासून पॉलिश केल्या जात. चाळीस-पन्नास वर्षांच्या लाद्या मशिन फिरवल्यानंतर नव्यासारख्या झाल्याची उदाहरणे दादर-गिरगावात विपुल आहेत. नक्षीच्या सिमेंट टाइल्सचे मात्र जपून करावे लागते. मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स या कंपनीने अशा स्वदेशी टाइल्स घराघरांत पोहोचवल्या. त्यांच्यातील रंगाचा थर वरचे काही मिलिमीटरच असतो. कुणी उत्साहाने खोलवर घासले, तर नक्षीच पुसट व्हायची.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असल्याने ते धुळीला पुरून उरते. घरात ग्रॅनाइट असेल तर खुर्चीची चिंता करण्याचे फारसे कारण नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या बहुतेक सदनिकांत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. गुजरातमधील मोरबी हे त्यांच्या उत्पादनाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र आहे. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानात भाजून ही टाइल तयार होते. तिचा गाभा अतिशय कणखर असतो. प्रश्न असतो तो पृष्ठभागाचा. फुल बॉडी टाइलमध्ये रंग आरपार असतो. डबल चार्ज टाइलमध्ये वरचा तीन-चार मिलिमीटरचा थर रंगीत असतो. हे दोन्ही प्रकार खुर्चीसमोर चांगले तग धरतात. परंतु संगमरवराचा हुबेहूब भास देणारी, आरशासारखी चकाकणारी ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल वेगळी. तिच्यावरील चित्र छापील असून त्यावर काचेसारखा पातळ लेप असतो. वाळूचा कण या लेपावर बारीक रेघा उमटवतो आणि त्या पॉलिशने जात नाहीत, कारण घासायला खाली काही उरतच नाही. टाइल जितकी चकचकीत आणि गडद, तितकी रेघ ठळक. खुर्ची जिथे येणार त्या खोलीसाठी मॅट फिनिशची, फिकट किंवा ठिपकेदार टाइल निवडणे शहाणपणाचे ठरते. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

लॅमिनेट म्हणजे ‘वुडन फ्लोअरिंग’ या नावाखाली विकला जाणारा, प्रत्यक्षात दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर लाकडाचे छायाचित्र चिकटवलेला प्रकार. त्यावरील पारदर्शक थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असल्याने पृष्ठभाग चांगलाच टणक असतो. येथे नुकसान होते ते सांध्यांचे. फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि त्याखाली फोमचा थर असतो. भारी चाक सांध्यावरून पुनःपुन्हा गेले की फोम दबतो, फळी खाली-वर होते, खाच सैल पडते आणि कडा उचलल्या जातात. मग त्या फटीत पोछ्याचे पाणी शिरते. युरोपीय मानकांनुसार लॅमिनेटची चाकांच्या खुर्चीसाठी स्वतंत्र चाचणी घेतली जाते आणि तीत भारित चाके २५ हजार फेऱ्या फिरवली जातात. ज्या मालाने ही चाचणी पार केली आहे, त्याच्या खोक्यावर चाकांच्या खुर्चीचे छोटे चित्र छापलेले असते. केवळ एसी-३, एसी-४ हे आकडे पाहून खरेदी करणाऱ्यांनी हे चित्रही शोधावे.

विनाइल मऊ असल्याने त्यावर चऱ्यांपेक्षा खळगे पडण्याची भीती अधिक. त्यावरील संरक्षक थर घरगुती मालात साधारण ०.३ मिलिमीटर, तर कार्यालयीन मालात ०.५५ मिलिमीटर असतो. खुर्चीच्या खोलीत जाड थराचाच माल घ्यावा.

खऱ्या लाकडाबाबत आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. साग म्हणजे सर्वांत मजबूत, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. वाळवी आणि पाणी यांच्यापुढे साग टिकतो, हे खरेच. पण टिकाऊपणा आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाकडाचा कठीणपणा मोजण्याच्या यांका पद्धतीत सुमारे ११.३ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवण्यासाठी किती बळ लागते, हे पाहिले जाते. या मोजमापात सागाचा आकडा सुमारे १०७० पौंड, तर रेड ओकचा १२९० पौंड भरतो. खुर्चीच्या चाकाखाली साग ओकच्या आधी दबतो.

गालिच्यासाठी घडवलेली खुर्ची

चाकांच्या खुर्चीचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. चार्ल्स डार्विन यांच्या इंग्लंडमधील डाऊन हाउस या निवासस्थानी, त्यांच्या अभ्यासिकेतील खुर्चीला चाके होती. आजच्या खुर्चीचे चाक मात्र कार्यालयाच्या गरजेतून घडले आणि पाश्चात्त्य कार्यालयांत जमिनीवर गालिचा अंथरलेला असतो. गालिच्यात मऊ चाक रुतते, म्हणून तिथे टणक चाक हवे. कठीण फरशीवर याच्या उलट, मऊ आवरणाचे चाक हवे. युरोपीय मानक ईएन १२५२९ मध्ये हा भेद स्पष्ट केलेला आहे. ‘एच’ प्रकारचे चाक टणक, गालिच्यासाठी. ‘डब्ल्यू’ प्रकारचे चाक मऊ धावेचे, कठीण फरशीसाठी. ओळखण्याची खूणही सोपी आहे. एच प्रकारचे चाक संपूर्ण एकाच रंगाचे असते. डब्ल्यू प्रकारच्या चाकाची धाव, म्हणजे जमिनीला टेकणारा पट्टा, आतील भागापेक्षा वेगळ्या रंगाची असते.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खुर्च्यांवर ही अक्षरे छापलेली असतीलच असे नाही. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या खुर्च्यांना सरसकट काळी नायलॉनची चाके लावलेली दिसतात. खुर्ची घेताना उंची, पाठ, हात, जाळी यांची विचारपूस होते, चाकाकडे कुणी पाहत नाही. म्हणजे गालिच्यासाठी घडवलेली वस्तू आपण टाइलवर फिरवत असतो. खात्री करून घ्यायची असेल तर चाकाच्या धावेत नख रोवून पाहावे. नख किंचितही रुतले नाही, तर ते चाक टणक जातीचे समजावे.

चाके बदलणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे आणि त्यासाठी मिस्त्री बोलवावा लागत नाही. खुर्ची उलटी करून चाक सरळ ओढले की ते बहुधा हातानेच निघते. घट्ट बसले असेल तर सपाट पट्टीने उचकटावे, मात्र प्लास्टिकच्या बेसला टवका उडणार नाही याची काळजी घ्यावी. चाकाची धातूची दांडी बहुतेक खुर्च्यांत ११ मिलिमीटर जाडीची आणि २२ मिलिमीटर लांबीची असते. काही परदेशी बनावटीच्या खुर्च्यांत ती १० मिलिमीटर जाडीची असते. नवी चाके मागवण्यापूर्वी हे माप पट्टीने किंवा कॅलिपरने घ्यावे. एक मिलिमीटरचा फरकही चाक गळून पडण्यास किंवा मुळीच न बसण्यास पुरेसा असतो.

पॉलियुरेथेन, म्हणजे बाजारात ज्याला पीयू म्हणतात, त्या धावेची चाके घरासाठी उत्तम. ती भार मोठ्या जागेवर पसरवतात, आवाज करत नाहीत आणि डाग पाडत नाहीत. रबराच्या चाकांबाबत थोडी सावधगिरी हवी. रबरातील रसायने विनाइलमध्ये उतरून कायमचा पिवळसर-तपकिरी डाग पडू शकतो. विनाइलवर रबरी पाठीचे पायपुसणेही त्याच कारणासाठी ठेवू नये. रोलर स्केटच्या चाकांसारखी दिसणारी मोठी, पारदर्शक चाके सध्या लोकप्रिय आहेत. ती चांगली असतात, पण त्यांचा व्यास मूळच्या ५० मिलिमीटरऐवजी ६० ते ७५ मिलिमीटर असल्याने खुर्ची थोडी उंच होते. ठेंगण्या व्यक्तीचे पाय मग अधांतरी राहतात. टेबलाची उंची आणि खुर्ची किती खाली येते, हे आधी तपासलेले बरे.

मऊ चाके बसवली म्हणजे धूळ निरुपद्रवी झाली, असे मात्र नाही. मऊ धावेत कण रुतून बसतात. चाक फिरत असेपर्यंत त्यांचा त्रास कमी, पण चाक अडकून फरफटले तर तेच चाक पॉलिश पेपर होते.

चाकात गुंतलेले केस

चाक अडकते कशाने? घरोघरी उत्तर एकच असते: केस आणि दोरे. दोन चाकांच्या मधल्या आसाभोवती ते गुंडाळले जातात, त्यात धूळ आणि तेलकटपणा मिसळून घट्ट गुंडी तयार होते आणि चाक फिरायचे थांबते. पाचांपैकी एक चाक फिरत नाही, हे बसणाऱ्याला जाणवत नाही. इतर चार फिरतात आणि ते एक फरफटते. फरशीवरील खोल, लांब आणि एकाच दिशेचे चरे बहुधा अशा एका चाकाचे काम असते. शिवणकाम होणाऱ्या किंवा पाळीव कुत्रा-मांजर असलेल्या घरांत ही गुंडी महिन्याभरातही जमते.

महिन्यातून एकदा खुर्ची आडवी पाडून पाचही चाके बोटाने फिरवून पाहावीत. न फिरणारे चाक काढून छोट्या कात्रीने गुंता कापावा, चिमट्याने ओढून काढावा आणि धाव ओल्या फडक्याने पुसावी. आसाला तेल घालण्याचा मोह टाळावा. तेलावर धूळ चिकटते आणि फरशीवर डाग पडतात. धावेवर तडे किंवा सपाट झिजलेला भाग दिसला तर चाक बदलावे. दुरुस्तीचा प्रयत्न व्यर्थ आहे.

आधी केर, मग लादी

मराठी घरांत चपला दाराबाहेर काढण्याची जी पद्धत आहे, तिचा फरशीला होणारा लाभ मोठा आहे. चपलेच्या तळाशी चिकटून येणारी वाळू उंबरठ्यातच थांबते. तरीही बाल्कनीतून, खिडकीतून आणि कुंड्यांतून धूळ येत राहते. टेबल खिडकीशी असेल तर नेमकी खुर्चीखालीच ती साचते. बाल्कनीच्या दारात आतून-बाहेरून पायपुसणे ठेवावे आणि ते आठवड्याला झटकावे.

मुंबईत ‘लादी पुसणे’ आणि पुण्यात ‘फरशी पुसणे’ म्हणतात, चूक मात्र दोन्हीकडे एकच होते. घाईच्या सकाळी टेबलाखालचा केर काढायचा राहतो आणि ओला पोछा थेट फिरवला जातो. त्यामुळे वाळू निघत नाही, पाण्यासोबत पसरते आणि वाळल्यावर तिथेच राहते. टेबलाखाली आणि खुर्चीच्या पायांभोवती आधी केर काढावा, शक्य असेल तर व्हॅक्यूम क्लीनर किंवा मायक्रोफायबरचा कोरडा मॉप फिरवावा, मग पुसावे. घरकाम करणाऱ्या मावशींना टेबलाखाली हात पोहोचत नाही, कारण तिथे तारांचे जंजाळ असते. तारा टेबलाच्या मागच्या बाजूला बांधून घेतल्या तर त्यांचे काम आणि फरशी दोन्ही सुधारतात.

संगमरवर, कोटा आणि शहाबादी यांवर लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रावण कधीही वापरू नये. आम्ल कॅल्साइट विरघळवते आणि खुर्चीने केले नसते इतके नुकसान एका दुपारी होते.

चटई घालावी का?

चाके आणि स्वच्छता यांनंतर तिसरा क्रमांक चटईचा. अनेकजण तिलाच पहिला क्रमांक देतात, ते योग्य वाटत नाही. जुनी सतरंजी किंवा चादर खुर्चीखाली टाकणे हा तर निव्वळ तात्पुरता दिलासा आहे. सतरंजी चाकांबरोबर गोळा होते, तिचे धागे आसात अडकतात आणि विणीतून झिरपलेली वाळू खाली फरशीवर जमत राहते. वरून सतरंजी स्वच्छ आणि खाली पॉलिश पेपर, अशी स्थिती होते. त्यावरून घसरून पडण्याचा धोका वेगळाच.

खास खुर्चीसाठीच्या पारदर्शक चटया पीव्हीसी आणि पॉलिकार्बोनेट अशा दोन प्रकारच्या मिळतात. पीव्हीसीची चटई स्वस्त, पण काही महिन्यांत तिच्यावर चाकांचे खळगे पडतात, कडा वळतात आणि उन्हाने ती पिवळी पडते. शिवाय पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरलेली रसायने लाकडाच्या पॉलिशवर आणि विनाइलवर डाग पाडू शकतात. पॉलिकार्बोनेटची दोन मिलिमीटर जाडीची चटई महाग असली तरी सपाट राहते. कोणतीही घेताना तिची खालची बाजू पाहावी. काही चटयांच्या खाली बारीक काटे असतात. त्या केवळ गालिच्यासाठी असून फरशीवर घातल्यास तेच काटे फरशी खरवडतात. तीन बाय चार फुटांची चटई पुरेशी वाटते, मात्र खुर्ची पूर्ण मागे सरकल्यावरही पाचही चाके तिच्यावर राहिली पाहिजेत. एक चाक कडेवरून खाली उतरणे आणि पुन्हा वर चढणे, यात टाइलच्या सांध्यांचे हाल होतात.

चटई आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी कोरडी पुसावी. पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात हे विसरून चालत नाही. चटईखाली अडकलेला ओलावा लॅमिनेट फुगवतो आणि संगमरवरावर पिवळट सावली सोडतो. पुसलेली फरशी पूर्ण वाळल्याशिवाय चटई परत टाकू नये.

ज्याला दिवसभर खुर्ची सरकवायची नसते, त्याने चाकेच काढून त्या जागी स्थिर पाय बसवावेत. शाळकरी मुलांच्या अभ्यासाच्या खुर्चीला हेच बरे. मुले खुर्चीवरून गाडी-गाडी खेळतात, तेही थांबते. पायांखाली फेल्टचे तुकडे चिकटवले तर ते दर काही महिन्यांनी बदलावेत. त्यातही वाळू रुतते.

पोकळ टाइल आणि खालचे शेजारी

काही वेळा टाइलला चरा नसतो, थेट तडाच जातो. त्याचे मूळ बहुधा बसवण्याच्या कामात असते. टाइलखाली सिमेंट किंवा चिकटद्रव्य सर्वत्र न पसरता ठिकठिकाणी गोळे टाकून काम उरकले असेल, तर मधली जागा पोकळ राहते. चाकाचा भार त्या पोकळ कोपऱ्यावर आला की टाइल तडकते. टेबल ठेवण्यापूर्वी नाण्याने टाइल ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर खुर्चीची जागा बदलावी किंवा ती टाइल नीट बसवून घ्यावी. सांध्यांतील ग्राउट निघाले असेल तर ते आधी भरून घ्यावे. उघड्या सांध्यात चाक आदळून टाइलच्या कडांचे टवके उडतात.

टणक चाकांची घरघर वर बसलेल्याला जाणवत नाही, खालच्या मजल्यावर मात्र ती स्पष्ट ऐकू येते. रात्री उशिरा परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांच्या बाबतीत सोसायटीकडे तक्रारी जातात, त्या याच कारणाने. पीयूची चाके हा आवाजही बराच कमी करतात.

झालेले नुकसान

फरशीवर दिसणारी प्रत्येक काळी रेघ चरा नसते. तिच्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडले तर चरा, न अडता सरकले तर चाकाने किंवा धातूने सोडलेला डाग. असा डाग टाइलवर असेल तर पांढऱ्या खोडरबराने किंवा खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने बऱ्याचदा निघतो. संगमरवरावर सोडासुद्धा जोराने घासू नये, चकाकी जाते.

संगमरवर, कोटा आणि मोझॅक यांचे निस्तेज अर्धवर्तुळ डायमंड पॅडने पॉलिश करून घालवता येते. मात्र केवळ तेवढाच भाग चमकवला तर तो शेजारच्या जुन्या फरशीपेक्षा वेगळा उठून दिसतो, म्हणून निदान संपूर्ण खोलीचे पॉलिश करावे लागते. या कामात पाण्यात कालवलेली दगडाची भुकटी सर्वत्र उडते. भिंती आणि फर्निचर झाकून घेण्याचे काम कंत्राटदारावर सोडू नये. इंजिनिअर्ड लाकडात वरचा खऱ्या लाकडाचा थर दोन-तीन मिलिमीटर असेल तरच ते घासून घेता येते. लॅमिनेट, विनाइल आणि ग्लेझ्ड टाइल यांना पॉलिशचा मार्ग नाही. तिथे फळी किंवा टाइल बदलणे एवढेच हाती राहते.

आणि येथे बहुतेकांची अडचण होते. टाइलचे डिझाइन काही वर्षांत बाजारातून नाहीसे होते. तेच डिझाइन मिळाले तरी वेगळ्या खेपेतील मालाची छटा जुळत नाही. म्हणून घर घेताना बिल्डरकडून, किंवा नव्याने टाइल बसवून घेताना दुकानातून, प्रत्येक खोलीच्या चार-पाच टाइल्स जादा मागून माळ्यावर ठेवाव्यात. खोक्यावरील डिझाइनचे नाव, छटा क्रमांक आणि खेप क्रमांक यांचे छायाचित्रही काढून ठेवावे.

भाडेकरूंनी तर घरात सामान येण्यापूर्वीच प्रत्येक खोलीच्या फरशीची छायाचित्रे, खिडकीतून येणाऱ्या तिरप्या प्रकाशात काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अशा करारांत वापरामुळे होणारी स्वाभाविक झीज वगळता घर पूर्वीच्या स्थितीत परत करण्याचे कलम सहसा असते. टेबलापुढचे अर्धवर्तुळ ही स्वाभाविक झीज की नुकसान, हा वाद अनामत रक्कम परत घेण्याच्या वेळी उभा राहतो. खुर्चीच्या जागेचा आणि फरशीच्या मूळ स्थितीचा उल्लेख करारासोबतच्या सामानाच्या यादीत करून घेतला, तर तो वाद कागद पुढे करून मिटवता येतो.